गोळी नको, गोळा द्या!



पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही पुढच्यासारखे एखादे उदाहरण सोडवले असेल. अजून सोडवले नसेल, तर अकरावीत ते तुमची वाट पाहत आहे. एका बंदुकीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर आहे. बंदूक क्षितिजाशी ४५ अंशांचा कोन करून धरली, तर गोळी किती अंतरावर पडेल? आणि शेवटी ते ओळखीचे वाक्य : हवेचा विरोध नगण्य माना.

आपण वेगाचा वर्ग करतो, त्याला ९.८ ने भागतो आणि ६५ किलोमीटर असे उत्तर लिहून मोकळे होतो. गुण मिळतात, पान उलटते.

पण मित्रांनो, ६५ किलोमीटर म्हणजे किती याचा विचार तुम्ही केला आहे काय? रेल्वेने पुण्याहून लोणावळा ६४ किलोमीटर आहे. म्हणजे पुणे स्टेशनात उभे राहून कोणी बंदूक उडवावी आणि गोळी लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानावर जाऊन पडावी! प्रत्यक्षात अशा वेगाची रायफलची गोळी साधारण तीन ते पाच किलोमीटर जाते. बरीचशी शिवाजीनगरच्या आसपासच संपतात.

उत्तर पाच-दहा टक्क्यांनी चुकले असते तर मी लेख लिहायला बसलो नसतो. पदार्थविज्ञानात सोपे करून घेणे क्षम्य आहे, किंबहुना आवश्यक आहे. पण येथे उत्तर वीसपट चुकते. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा उदाहरणांतून बंदुकीची गोळी काढून टाकावी. अन्वस्त वक्र, म्हणजेच पॅराबोला, शिकवण्यासाठी तिच्याइतका अयोग्य पदार्थ दुसरा नाही. तिचे वजन, तिचा धातू, तिचे टोक, तिची शेपटी या सगळ्यांचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास हा हवेशी झालेल्या झगड्याचाच इतिहास आहे. आणि आपण पहिल्याच ओळीत हवा पुसून टाकतो.

गंमत अशी की, ज्या गॅलिलिओने १६३८ मध्ये आपल्या ग्रंथात प्रक्षेपित पदार्थ अन्वस्तावरून जातो हे दाखवले, त्यानेच बंदुकीच्या गोळीला या नियमातून वगळले होते. इतक्या भयंकर वेगाने जाणाऱ्या वस्तूचा मार्ग हवेमुळे बिघडणार, सुरुवातीला तो जास्त सपाट आणि शेवटी जास्त वाकलेला होणार, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. गुरूने घातलेली अट शिष्यांनी गाळली!

ही अट किती महत्त्वाची होती हे १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने मोजून दाखवले. त्याने लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगला, त्यावर गोळी झाडली आणि ठोकळा किती हलला यावरून गोळीचा वेग काढला. हा प्रयोग तुम्हाला माहीत असेल. संवेगाच्या अक्षय्यतेचे उदाहरण म्हणून अनेक पाठ्यपुस्तकांत तो असतो. पण रॉबिन्सने तो कशासाठी केला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्याने ठोकळा बंदुकीपासून कमीजास्त अंतरांवर टांगून पाहिला. वाटेत गोळी किती वेग गमावते ते त्याला हवे होते. पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे १,७०० फूट वेगाने जात असताना हवेचा विरोध तिच्या वजनाच्या शंभरपटींहूनही अधिक भरतो, असे त्याला आढळले. नगण्य म्हणायचेच असेल, तर येथे गुरुत्वाकर्षणाला म्हणावे!

आता शिशाकडे वळू. गोळीसाठी शिसेच का? ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्याला विचारा. तो हलका, भुसभुशीत दगड उचलत नाही. गोल, जड गोटा निवडतो. हवेचा विरोध वस्तूच्या समोरच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, तर त्या विरोधापुढे टिकण्याची ताकद वस्तुमानावर. म्हणून दोन सारख्याच आकाराच्या गोळ्यांत जिची घनता जास्त, ती वेग सावकाश गमावते. साध्या दगडाची घनता पाण्याच्या पावणेतीनपट, लोखंडाची ७.९ पट, शिशाची ११.३ पट. म्हणजे तेवढ्याच मापाची शिशाची गोळी दगडी गोळीपेक्षा चौपट टिकाऊ झाली. प्राचीन ग्रीक आणि रोमन गोफणवाले आपले गोफणगुंडे शिशाचे ओतून घेत, तेही बदामाच्या आकाराचे. घनता आणि आकार, दोन्हींचे महत्त्व त्यांना हातानेच कळले होते. शिवाय शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे सैनिक छावणीतल्या शेकोटीवर गोळ्या ओतू शकत. (शिसे विषारी आहे, हा प्रयोग तुम्ही करायचा नाही.)

पण घनता काही मनाला येईल तशी वाढवता येत नाही. मग वस्तुमान वाढवायचे आणि समोरचे क्षेत्रफळ तेवढेच ठेवायचे, तर उपाय एकच : गोळी लांबट करायची. येथे हवा दुसरी खोडी काढते. लांबट गोळीवर हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो आणि तो तिला कोलांटी घालायला लावतो. आडवी झाली की सगळा फायदा गेला. तिला सरळ ठेवण्यासाठी भोवऱ्याची युक्ती करावी लागते. फिरता भोवरा आरेवर उभा राहतो, थांबला की आडवा पडतो. तशी गोळीही स्वतःभोवती फिरत राहिली तर टोक पुढे ठेवते. त्यासाठी नळीच्या आत नागमोडी चर कोरतात. नळीच्या दर दहा इंचांत, म्हणजे २५.४ सेंटिमीटरमध्ये, एक वेढा पूर्ण होत असेल आणि गोळीचा वेग सेकंदाला ८२३ मीटर असेल, तर ती सेकंदाला किती फेरे घेईल? भागाकार करून पाहा. तीन हजार दोनशेहून अधिक!

हे चर गोळीत रुतायला हवेत. १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने तळाशी पोकळ असलेली लांबट शिशाची गोळी केली. ती नळीत सहज सरके, पण दारू पेटली की तळ फुगून चरांत घट्ट बसे. शिशाचा मऊपणा येथे उपयोगी पडला. चरांच्या नळीत गोळी नीट सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावत. १८५७ च्या काडतुसांची चरबी ती हीच. तेव्हापासून गोळी खरे म्हणजे गोल राहिली नाही, नाव मात्र गोळीच राहिले.

पुढे १८८४ मध्ये व्हिएयने धूर न करणारी दारू शोधली आणि वेग इतके वाढले की मऊ शिसे चरांत टिकेना; ते खरवडून नळीलाच चिकटू लागले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रुबिनने शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण चढवले. वजन शिशाचे, अंगरखा कठीण धातूचा. (हे आवरण टोकाशी उघडे ठेवल्यावर जखम किती भयंकर होते, याचा इतिहास कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्याशी जोडलेला आहे. १८९९ मध्ये हेग येथे तसल्या गोळ्यांविरुद्ध घोषणा झाली. तो स्वतंत्र आणि दुःखाचा विषय आहे; आपण आज हवेपुरतेच बोलत आहोत.)

इथपर्यंत गोळीचे नाक बोथटच होते. हवेत नेमके काय घडते ते कोणी पाहिलेच नव्हते. १८८६-८७ मध्ये अर्न्स्ट माख आणि पीटर साल्खर यांनी उडत्या गोळीचे विजेच्या ठिणगीच्या प्रकाशात छायाचित्र घेतले. त्यात गोळीच्या पुढे हवेची एक धनुष्याकृती लाट दिसते. बोटीच्या नाळेपुढे पाणी उठते ना, तशी. आणि मागे दिसतो भोवऱ्यांनी खवळलेला पट्टा. ध्वनीपेक्षा जलद जाणाऱ्या वस्तूला ही लाट सतत ढकलत न्यावी लागते आणि त्यात तिची शक्ती खर्च होते. नाक टोकदार असेल तर लाट तिरकी होते आणि खर्च घटतो. १८९८ मध्ये फ्रेंचांनी टोकदार नाकाची आणि मागे निमुळती होत जाणारी गोळी काढली. तिच्यात शिसे अजिबात नव्हते. ती सबंध पितळी होती. धातू शिशापेक्षा हलका, तरी आकाराने तिने ती उणीव भरून काढली. १९०५ मध्ये जर्मनांची टोकदार गोळी आली, १९१० मध्ये ब्रिटिशांची. एकामागून एक सगळ्यांनी नाके टोकदार करून घेतली.

शेपटीचे महत्त्व पटायला मात्र वेळ लागला. आणि ते कसे पटले ही हकिकत माझ्या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेने १९०६ मध्ये एक टोकदार गोळी स्वीकारली. वजन ९.७ ग्रॅम, व्यास ७.८ मिलिमीटर, सुटतानाचा वेग सेकंदाला ८२३ मीटर, तळ सपाट. तिच्यावर सुरुवातीला हवेचा विरोध किती असेल याचा हिशेब मी केला. तो तिच्या वजनाच्या सुमारे साठपट भरतो. तिचा पल्ला ४,७०० यार्ड, म्हणजे ४.३ किलोमीटर आहे असे कोष्टकांत छापले होते. पहिल्या महायुद्धात मशीनगनचा दूरवर मारा करण्याची वेळ आली, तेव्हा गोळ्या अलीकडेच पडत असल्याचे लक्षात आले. नंतर मोजून पाहिले तर पल्ला भरला ३,४०० यार्डांच्या आसपास, जेमतेम ३.१ किलोमीटर. छापील कोष्टक सवा किलोमीटरने खोटे!

मग संशोधन सुरू झाले. सपाट तळाच्या मागे हवा चटकन भरून येत नाही. तेथे कमी दाबाची पोकळी राहते आणि ती गोळीला मागे ओढते. गोळी ध्वनीपेक्षा फार जलद असते तोवर नाकाचा वाटा मोठा असतो; पण वेग उतरत जातो तसे हे मागचे ओढणे वरचढ होते. लांबच्या पल्ल्यात गोळीचा बराच प्रवास अशाच उतरत्या वेगात होतो. म्हणून तळ होडीच्या मागच्या टोकासारखा निमुळता केला आणि वजन ११ ग्रॅमच्या पुढे नेले. वजन वाढल्यामुळे सुटतानाचा वेग थोडा घटून ८०५ मीटर झाला.

आता तुमच्या पुस्तकातले सूत्र लावा. जुनी गोळी, ८२३ मीटर वेग : पल्ला ६९ किलोमीटर. नवी गोळी, ८०५ मीटर वेग : पल्ला ६६ किलोमीटर. सूत्र सांगते की नवी गोळी थोडी अलीकडे पडेल. प्रत्यक्षात ती सुमारे पाच किलोमीटर गेली, जुनीपेक्षा दीडपटीहून अधिक. सूत्राचा आकडा चुकला एवढेच नव्हे, तर कोणती गोळी पुढे जाईल तेही उलटे निघाले. गोळीचे वजन, धातू, नाक, शेपटी यांना त्या सूत्रात जागाच नाही. (या कथेचा शेवटही मजेदार आहे. नवी गोळी इतकी दूर जाऊ लागली की सरावाची अनेक मैदाने अपुरी पडू लागली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेला पुन्हा हलक्या, सपाट तळाच्या गोळीकडे वळावे लागले.)

तुम्ही विचाराल, मग पाठ्यपुस्तकवाले हेच उदाहरण का निवडतात? मला वाटते, कारण गोळी कोणालाच दिसत नाही. बॅडमिंटनच्या शटलचे उदाहरण ते कधी देत नाहीत. २०२३ मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी या आपल्या खेळाडूच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. सूत्राप्रमाणे ते शटल तिरके मारले असते तर अडीच किलोमीटर दूर पडायला हवे होते. बॅडमिंटनचे मैदान १३.४ मीटर लांब आहे! असे उदाहरण छापले तर वर्ग हसेल. शटल आणि गोळी ही एकाच गणिताची दोन टोके आहेत. शटल हलके, तोंडाशी रुंद, हवेने अडवावे म्हणूनच घडवलेले. त्याचे बूच जड असल्याने ते न फिरवताही तोंड पुढे ठेवते. गोळीचे सगळे याच्या उलट. पण उलट असूनही तिच्यावरचा विरोध वजनाच्या साठपट राहतोच, कारण तिचा वेग प्रचंड असतो. खडकीला आणि वरणगावला गोळ्या बनवणारे कारखाने आहेत. तेथल्या शाळांतसुद्धा पुस्तकातली गोळी निर्वात पोकळीतूनच उडते, याचे मला नवल वाटते.

काही शिक्षक मला सांगतात, "मुलांना आधी सोपे शिकवू द्या. हवेचा विरोध धरला तर समीकरण सुटतच नाही." पहिली गोष्ट मला मान्य आहे. सोपे जरूर शिकवा, पण जेथे ते खरे आहे तेथे शिकवा. शाळेच्या मैदानावर गोळाफेकीचा लोखंडी गोळा असतो. पुरुषांच्या स्पर्धेतला गोळा ७.२६ किलोग्रॅमचा. तो सेकंदाला १४ मीटर वेगाने सुटला तरी त्याच्यावरचा हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या शंभराव्या भागाहून कमी असतो. येथे हवा खरोखर नगण्य आहे. मुलांनी गोळा फेकावा, टेपने अंतर मोजावे, वर्गात येऊन सूत्र लावावे, उत्तर जमेल. क्रिकेटचा चेंडूसुद्धा घेऊ नका, जोरात मारलेल्या चेंडूवरचा विरोध त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा असू शकतो.

"समीकरण सुटत नाही" ही दुसरी गोष्ट अर्धीच खरी आहे. एका ओळीचे सूत्र मिळत नाही हे खरे. पण पायरीपायरीने जाता येते. सेकंदाच्या दहाव्या भागापुरता वेग तोच धरायचा, त्या वेगाला विरोध किती ते काढायचे, वेग तेवढा घटवायचा, आणि पुढच्या दहाव्या भागाकडे वळायचे. काम कंटाळवाणे आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात ते करायला गणित शिकलेल्या तरुणींची पथके बसवली होती आणि एकेका मार्गासाठी त्यांना कित्येक तास लागत. या कंटाळ्यातूनच एनियाक या प्रचंड इलेक्ट्रॉनिक गणकाचा जन्म झाला; १९४६ मध्ये तो जगापुढे आला आणि तेच काम अर्ध्या मिनिटात करू लागला. आज तुमच्या शाळेतला साधा संगणक ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करील. नववी-दहावीचा विद्यार्थी ती कोष्टकपद्धत सहज शिकू शकतो.

या आग्रहामागे आणखी एक कारण आहे आणि ते परीक्षेच्या बाहेरचे आहे. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या विजयात हवेत गोळ्या झाडण्याची वाईट चाल आपल्या देशाच्या काही भागांत आहे आणि त्यात माणसे मरतात. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. आपले पुस्तक या बाबतीत काय शिकवते? सरळ वर झाडलेली गोळी ज्या वेगाने गेली त्याच वेगाने परत येते, आणि तीही पावणेतीन मिनिटांनंतर. प्रत्यक्षात हॅचर या अमेरिकी अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धानंतर केलेल्या चाचण्यांत गोळ्या पाऊण मिनिटाच्या सुमारास खाली आल्या. पडतानाचा त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटर. हाही ताशी सव्वातीनशे किलोमीटर झाला. डोक्यावर पडला तर जीव जाऊ शकतो. आणि जरा तिरकी झाडलेली गोळी टोक पुढे ठेवून येते, तिचा वेग याहूनही जास्त. ती कोठे पडेल हे पुस्तकातल्या सूत्राने सांगता येत नाही. ती ६५ किलोमीटरवर नव्हे, पुढच्याच गावात पडते.

धातूबद्दल एक गोष्ट राहिली. शिशाचे दिवस आता भरत आले आहेत, निदान छऱ्यांच्या बाबतीत. तळ्यांच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले; युरोपीय संघाने २०२३ मध्ये पाणथळ जागांपुरती तशीच बंदी घातली. त्याऐवजी पोलादाचे छर्रे आले. शिकारी कुरकुरले की हे लवकर मंदावतात. त्यांची तक्रार पदार्थविज्ञानाला धरूनच होती, उपायही पदार्थविज्ञानातच होता : छर्रा मोठा करा. आमच्या शिक्षकांनी बंदुकीचे उदाहरण द्यायचेच ठरवले, तर असे द्यावे. गोल छऱ्याचा वेग किती झपाट्याने घटतो, हे घनता आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.९. तर ३ मिलिमीटर व्यासाच्या शिशाच्या छऱ्याइतकाच टिकणारा पोलादी छर्रा केवढा हवा? हवेचा विरोध धरून गणित करा. उत्तर ४.३ मिलिमीटर यायला हवे.